उजवा पाय

राजेश्री : दुरून म्हंजे किती दुरून, आत्याबाई?

सत्यशीला : तिथूनच. उंबऱ्यापाशी हात जोड, मान लवव, झाला नमस्कार. देव काय तुझ्यावाणी टेप घेऊन बसलाय का, सून किती वाकली ते मोजायला?

राजेश्री : सकाळपासून अख्खं गाव सोनं देऊन गेलं. सगळ्यांना तुमी एकच म्हणलाव. दुरूनच पड, दुरूनच पड. सरपंचबाईला बी.

सत्यशीला : मग काय झालं? पंगतीत भेद करू नये.

राजेश्री : मागच्या दसऱ्याला मी नवी नवरी होते. तवा मला वाकवून वाकवून कंबर मोडली माझी. "नीट पड, अंगठ्याला बोट लागू दे, न्हाईतर आशीर्वाद पोचत न्हाई." कोण म्हणलं होतं?

सत्यशीला : तवा तू नवी व्हतीस. आता जुनी झालीस. जुन्यांना मोबाईलवाणी पोचतो, वायरीबिगर.

राजेश्री : आणि ही गोधडी? बाहेर मरणाचं ऊन पडलंय, न् तुमी पायावर गोधडी घेऊन बसल्यात.

सत्यशीला : हाडं गार पडली माझी.

राजेश्री : तुमची? पौषात बंब पेटायच्या आधी गार पाण्यानं आंघोळ करून मोकळ्या होता तुमी. मामंजी कांबळ्यातून बघून कुडकुडतात.

सत्यशीला : लय बोलायलीस आज. जा, पुरण वाट.

राजेश्री : वाटून झालं. हे सोनं घ्या.

सत्यशीला : दे की. टाक इकडं.

राजेश्री : टाकणार न्हाई. सोनं हातात न् डोकं पायावर, दोन्ही संगंच. सरकवा ती गोधडी.

सत्यशीला : राजेश्री! हात लावू नको म्हणलं ना!

राजेश्री : अग्गं बाई! पाय हाय का तवा? चटका बसला माझ्या हाताला.

सत्यशीला : झाक. झाक आधी. महारुद्र येईल आत.

राजेश्री : येऊ द्या. त्यांना बी बघू द्या आईचा पाय. घोट्यापासून पार पोटरीपर्यंत लालभडक झालाय. कातडी चकाकायलीय. बोट दाबलं की खड्डा पडतो न् तो भरून येईना.

सत्यशीला : काढ की बोट! कणीक मळायलीस का?

राजेश्री : दुखायलंय?

सत्यशीला : न्हाई.

राजेश्री : मग डोळ्यात पाणी कामून आलं?

सत्यशीला : पुरणाची वाफ हाय.

राजेश्री : पुरण कवाच डब्यात गेलं, आत्याबाई. पाय तर उतरला होता ना त्या मानवतच्या डॉक्टरच्या गोळ्यांनी? तुमीच सांगितलं होतं.

सत्यशीला : उतरला व्हता. परत चढला.

राजेश्री : कवा?

सत्यशीला : घट बसले तवा.

राजेश्री : म्हंजे सगळं नवरात्र? ह्या पायानं तुमी आरतीला उभ्या राहिलाव? ह्या पायानं टोळी घेऊन खुरपायला गेलाव?

सत्यशीला : टोळी माझ्या जिम्म्यावर हाय. मी घरी बसले की बाया दोन वाटा धरतात. एकीला हिच्या रानात जायचं, एकीला तिच्या. पुढं एक खंबीर बाई लागती.

राजेश्री : डॉक्टरनं आठवडाभराच्या गोळ्या दिल्या होत्या. सगळ्या खाल्ल्या का?

सत्यशीला : पोळ्यावर तूप घालायचं का आमटी आधी वाढायची आज?

राजेश्री : आत्याबाई. गोळ्या.

सत्यशीला : टोळीतल्या बायनाबाईला बी ताप आला व्हता गं.

राजेश्री : म्हंजे?

सत्यशीला : ती बी भिजली व्हती त्याच दिवशी. तिच्या बी पायाला ठणका लागला. म्हातारी एकटी, तिला कोण नेतंय दवाखान्यात? माझ्यापाशी व्हत्या, निम्म्या तिला दिल्या.

राजेश्री : गोळ्या वाटून खाल्ल्या? ती काय उरसाची शिरणी हाय का, सगळ्यांना चिमूट चिमूट?

सत्यशीला : म्हातारी समोर बसून कण्हायली न् आपण एकटीनंच गिळायचं? माझ्यानं न्हाई झालं ते.

राजेश्री : आजच निघू मानवतला.

सत्यशीला : दसऱ्याला कोण दवाखान्यात जातं का? सणाचं अशुभ.

राजेश्री : मग उद्या सकाळी.

सत्यशीला : त्या डॉक्टरकडं मी जाणार न्हाई.

राजेश्री : मग परभणीला?

सत्यशीला : ह्या पायानं यष्टीत एवढा येळ? पाय लोंबता ठेवला की जीव जातो माझा.

राजेश्री : म्हंजे मानवतच. आणि त्या डॉक्टरच्या हाताला गुण हाय म्हणतात सगळे.

सत्यशीला : हाताला असंल. डोळ्याला न्हाई. त्यानं माझा पाय बघितलाच न्हाई.

राजेश्री : बघितला न्हाई? मग गोळ्या कशावर दिल्या?

सत्यशीला : दुरूनच.

राजेश्री : काय झालं होतं तिथं? तुमी आल्यापासून काहीच बोलला न्हाईत. नीट सांगा मला.

सत्यशीला : काय सांगायचं? महारुद्र खाली गाडीपाशी थांबला. मी वर गेले. डॉक्टरच्या आधी तिथं काटा हाय. त्याचा माणूस सगळ्यांना काट्यावर चढवतो. मी चढले. तर मोंढ्यात कापसाचं माप सांगावं तसा वरडला तो. "एकशे चौदाऽ!" बाकड्यावर सगळी माणसं. एक जण हसला. मग सगळेच हसले. मी बी हसले.

राजेश्री : तुमी बी?

सत्यशीला : मग काय करती? सगळे हसायलेत न् आपण तोंड पाडलं, की ते जास्त दिसतं. आत गेले. डॉक्टरनं कागद बघितला. माझ्याकडं न्हाई, कागदाकडं. म्हणला, मावशी, भात बंद, बटाटा बंद, गोड बंद. वजन उतरलं की पाय आपोआप उतरंल. म्या साडी वर घ्यायला लागले, तर म्हणला, राहू द्या, समजलं. काय समजलं त्याला? ताप हाय म्हणलं म्हणून गोळ्या तेवढ्या लिहून दिल्या, न् जे दाखवायला गेले ते साडीखालीच राहिलं.

राजेश्री : आणि तुमी उठून आलाव.

सत्यशीला : उठून आले. जिन्यात रडले जराशी. तुझ्या नवऱ्याला म्हणलं, डोळ्यात कचरा गेला.

राजेश्री : आज वाफ, तवा कचरा.

सत्यशीला : हे बघ, मी जाडी हाय हे मला काय आज कळलं का? मी लहानपणापासनं अशीच. माझी माय अशीच, मावशा अशाच. लगनात तुझ्या मामंजीकडची माणसं म्हणली, पोरगी भारी हाय, गाडीला दोन बैल पुरायचे न्हाईत.

राजेश्री : मग मामंजी काय म्हणले?

सत्यशीला : ते कवा बोलतात का? त्या दिवशी तेवढे बोलले. म्हणले, कमी पडलं तर तिसरा मी हाय.

राजेश्री : मामंजी? आपले मामंजी असं म्हणले?

सत्यशीला : हसू नको. त्या एका बोलण्यावर मी तीस वर्षं संसार केलाय. तवापासनं मला माझ्या अंगाची शरम न्हाई. ह्याच अंगानं नांगरलं, पेरलं, दोन लेकरं काढली. पर त्या काट्यावर... जाऊ दे. तू नको ताण धरू. लेप लावते, उतरंल.

राजेश्री : थांबा. हलू नका.

सत्यशीला : टेप? आता तू बी मापणार मला?

राजेश्री : कंबर न्हाई मोजत. पोटऱ्या मोजायलेय, दोन्ही. ही डावी... आणि ही उजवी. उजवी तीन बोटं जास्त हाय.

सत्यशीला : मग?

राजेश्री : मी बायांचे झंपर शिवते, आत्याबाई. दोन बाह्यात एवढा फरक आला तर गिऱ्हाईक तोंडावर फेकून मारंल माझ्या. न् तुमी त्याच्यावर गोधडी टाकून बसल्यात.

सत्यशीला : सांगितलं ना, उतरंल.

राजेश्री : वढ्याच्या दिवशीच लागलं ना हे?

सत्यशीला : ते काढायचं न्हाई. ठरलंय आपलं.

राजेश्री : तुमचं ठरलंय. माझं न्हाई. मला रोज आठवतं ते. डोळे मिटले की पाणी दिसतं. तुमाला काही झालं तर मला त्या वढ्यातून काढलं कशाला? असा पाय सडवून घ्यायला? मग मला आयुष्यभर वाटंल, मीच तुमचा पाय खाल्ला.

सत्यशीला : अगं... रडू नको. दसऱ्याला रडू नये पोरी.

राजेश्री : चला मग.

सत्यशीला : काट्यावर मी चढणार न्हाई.

राजेश्री : नका चढू.

सत्यशीला : न् तिथं कोणी हसलं तर?

राजेश्री : मी हाय की संगं. हसून तर बघू दे कोणी.

सत्यशीला : बोलती तर लय. दिसायला मुठीएवढी न् तिखट मिरचीएवढी. बरं, जाऊ उद्या. पर ते सोनं तुझ्यापाशीच ठेव. आता हा पाय कोणाच्या डोक्याला लावायचा न्हाई मला.

(दुसऱ्या दिवशी सकाळी, मानवतला. डॉक्टरांची खोली.)

डॉक्टर : वजन कुठंय? कागदावर आकडा नाही.

राजेश्री : केलं न्हाई, सर.

डॉक्टर : बाहेर काटा आहे, करून या. तोवर पुढचा पेशंट—

राजेश्री : आधी पाय बघा, सर. वजन कुठं पळून जात न्हाई.

डॉक्टर : आपण कोण?

राजेश्री : सून. राजेश्री.

डॉक्टर : हे बघा, बाहेर बसायला जागा नाही, इतकी गर्दी आहे. मावशींना मी ओळखतो, मागे येऊन गेल्यात. वजन उतरल्याशिवाय पायाची सूज जायची नाही, हे मी तेव्हाच सांगितलं. भात बंद केला का, मावशी?

सत्यशीला : केला.

डॉक्टर : गोड?

सत्यशीला : काल दसरा व्हता, साहेब. पर पोळी काय घशाखाली उतरली न्हाई. तापानं तोंड कडू पडलंय.

डॉक्टर : रोज अर्धा तास चालायचं. त्याला पर्याय नाही.

राजेश्री : त्या दिवसभर रानात असतात, सर. टोळीच्या पुढं.

डॉक्टर : शेतातलं काम वेगळं, व्यायाम वेगळा.

सत्यशीला : थांब गं राजेश्री. साहेब, एक इचारू का? रागाला येऊ नका.

डॉक्टर : विचारा. पटकन.

सत्यशीला : हे वजन मी दोन्ही पायावर घेऊन हिंडते, का एकाच?

डॉक्टर : म्हणजे काय?

सत्यशीला : डावा पाय बी माझाच हाय. जन्मापासनं तेवढंच ओझं त्यानं बी वागवलंय, तक्रार न्हाई केली. मग माझ्या वजनानं उजव्यालाच कामून धरलं? डाव्याला काय पास मिळालाय का?

राजेश्री : टेपनं मोजलंय, सर. तीन बोटाचा फरक हाय.

सत्यशीला : सांगा की, साहेब. चुकलं का माझं काही?

डॉक्टर : नाही. चुकलं नाही. पाय दाखवा. टेबलावर झोपा जरा.

सत्यशीला : त्या टेबलाचा मला भरवसा न्हाई. मोडलं तर तुमचं नुकसान न् माझा तमाशा.

डॉक्टर : बरं. खुर्चीतच बसा. मीच खाली बसतो.

सत्यशीला : अवो, तुमी कामून खाली? कपडे मळतील.

डॉक्टर : मळू द्या. पाय इकडं द्या. असा, माझ्या गुडघ्यावर ठेवा.

सत्यशीला : औक्षवंत व्हा.

डॉक्टर : काय म्हणालात?

राजेश्री : सवय हाय त्यांची, सर. पायाला कोणाचा बी हात लागला की तोंडातून निघतंच.

डॉक्टर : ...किती तापलाय हा पाय. थंडी वाजून ताप येतो का?

सत्यशीला : सांजच्याला हुडहुडी भरती. दोन गोधड्या घेते.

डॉक्टर : जांघेत गाठ आलीये?

सत्यशीला : अवधान आलंय. परवापासनं. चालताना खुपतं.

राजेश्री : हे तर मला बी न्हाई सांगितलं तुमी!

डॉक्टर : टाच वळवा. हे काळं काय आहे? भाजलं होतं का?

सत्यशीला : बिब्बा लावला व्हता. भेगा लय पडल्या व्हत्या, रगत यायचं. बिब्बा तापवून त्याचं तेल भेगात भरलं. आमच्यात भरतातच. मला कवा काय झालं न्हाई, ह्या बारीला तेवढा उतला. फोड आले, कातडं निघालं.

डॉक्टर : आणि अशी उघडी टाच घेऊन तुम्ही चिखलात गेलात?

सत्यशीला : चिखलात न्हाई.

डॉक्टर : मग?

सत्यशीला : ते जाऊ द्या.

राजेश्री : जाऊ कामून द्यायचं? मी सांगते. वढ्यात उभ्या होत्या, सर.

सत्यशीला : राजेश्री, ठरलंय आपलं.

डॉक्टर : बोलू द्या त्यांना. मला कळायला हवं.

राजेश्री : भादव्यात तो मोठा पाऊस झाला ना, सर? त्या दिवशी आमी खुरपून माघारी येत होतो. मला कोणी चल म्हणलं नव्हतं, मीच हट्टानं गेले होते. सकाळी वढ्याला घोटाभर पाणी होतं. येताना गुडघ्याएवढं. रोजचाच वढा, म्हणून आमी उतरलो. मधी पोचलो न् वरून लोंढा आला. लाल पाणी, काट्याकुट्यासकट. बायनाबाई म्हातारी, ती तिथंच बसली. पुढच्या बाया वरडायल्या. आत्याबाई काठाला लागायच्या बेतात होत्या, सर. दोन पावलं राहिली होती. तिथून त्या माघारी फिरल्या.

सत्यशीला : सगळ्याच फिरल्या असत्या.

राजेश्री : कोणी फिरलं न्हाई. तुमीच फिरलाव. मधोमध येऊन आडव्या उभ्या राहिल्या, उजवा पाय एका दगडाला रवून. न् म्हणल्या, माझं अंग धरा न् एकेक जण जावा. एकीनं दंड धरला, एकीनं कंबर, एकीनं पदर. एक एक करून सगळ्या त्यांच्या अंगाला धरून पार झाल्या. बायनाबाईला तर त्यांनी बगलंत धरून पुढं दिलं, पेंढी द्यावी तशी. शेवटी मी होते. माझे पाय सुटले, सर. मी पाण्यावर आडवी झाले. नुसतं माझं मनगट त्यांच्या हातात. पाणी मला वढायलं न् त्या उभ्या. मी चारठाण्याची हाय. देवळाचे दगडी खांब बघतच मोठी झाले. पर जित्ता खांब मी त्या दिवशी बघितला.

सत्यशीला : लय तिखटमीठ लावती ही. दोन घटका बी उभी नसंल मी.

राजेश्री : त्या माझ्यासारख्या असत्या ना, सर, फुंकर मारली की उडणाऱ्या, तर आमच्या गावात काल किती घरी दसरा झाला नसता. आणि तेच वजन तुमचा माणूस बाहेर वरडून सांगतो. एकशे चौदा! लोक हसतात. मी तवा संगं नव्हते, न्हाईतर सांगितलं असतं सगळ्यांना, हसायलाव कशाला, हे कशाचं माप हाय ते तुमाला मालूम तरी हाय का?

सत्यशीला : पुरं झालं, पोरी. साहेबांना काम हाय.

डॉक्टर : आकडा ओरडून सांगतो?

सत्यशीला : तुमी आत असता. तुमाला कसं ऐकू येणार?

डॉक्टर : मला माहीत नव्हतं. पण माहीत असायला हवं होतं. दवाखाना माझा आहे.

सत्यशीला : त्या पोराला रागवू नका. त्याला वाटलं असंल, मोठ्यानं सांगितलं की कामाला बरं.

डॉक्टर : मावशी, मागच्या वेळी मी हात लावून बघितलं असतं, तर हे इथवर आलं नसतं. चूक झाली माझी. कातडीच्या खाली जंतू शिरलेत. ही वजनाची सूज नाही.

सत्यशीला : आता माझी बी चूक ऐका. तुमी दिलेल्या गोळ्या म्या निम्म्याच खाल्ल्या.

डॉक्टर : का? त्रास झाला का?

सत्यशीला : न्हाई. निम्म्या बायनाबाईला दिल्या. तिला बी ताप व्हता.

डॉक्टर : बायनाबाई म्हणजे पेंढीसारखी उचललेली?

राजेश्री : तीच.

डॉक्टर : म्हणजे तुमचाही उपचार अर्धवट राहिला आणि तिचाही. अहो, अर्ध्या गोळ्यांनी जंतू मरत नाहीत, आणखी चेव येतो त्यांना. तिलाही घेऊन या. उद्याच. आणि या जन्मात पुन्हा औषध वाटायचं नाही.

सत्यशीला : न्हाई वाटणार. पर तिचे पैसे—

डॉक्टर : ते माझं मी बघतो. तुम्हाला इथंच राहावं लागेल चार-पाच दिवस. सलाईनमधून औषध देऊ. रक्त तपासू, साखर बघू. पाय उशीवर उंच ठेवायचा, खाली सोडायचा नाही. आणि ही बघा, लाली जिथं संपते तिथं पेनानं रेघ मारतोय मी. सूनबाई, तुम्ही सकाळ-संध्याकाळ बघायचं. लाली रेघेच्या वर चढली, तर मला लगेच सांगायचं. मग परभणीला हलवावं लागेल.

राजेश्री : आणि खाली उतरली तर?

डॉक्टर : तर मग पाय आपला.

राजेश्री : अजून थोडे दिवस आमी घरीच राहिलो असतो तर, सर?

डॉक्टर : विष रक्तात गेलं असतं. मग प्रश्न पायाचा राहत नाही, माणसाचाच होतो. बरं झालं तुम्ही आणलंत.

सत्यशीला : हिनं न्हाई आणलं, हिनं वढत आणलं. न् साहेब, वजनाचं काय?

डॉक्टर : त्यावर बोलू आपण. मी सांगितलं ते खोटं नव्हतं, मावशी. वजन जास्त असलं की असा पाय बरा व्हायला वेळ लागतो, पुन्हा होण्याची भीतीही राहते. पण ते नंतरचं.

सत्यशीला : बोला की. म्या कुठं न्हाई म्हणते? लाख बोला. पर पायाचं बोलून झाल्यावर. न् हळू बोला. माझं मला ऐकू आलं म्हंजे बास.

*

सत्यशीला : उतरली का गं?

राजेश्री : थांबा, बघू द्या. दिव्याकडं करा जरा. ...रेघ जागेवरच हाय, आत्याबाई. लाली चांगली चार बोटं खाली गेलीय.

सत्यशीला : खरं सांग. माझ्या मनासाठी सांगू नको.

राजेश्री : डॉक्टरांनी बी सकाळी बघितलं. खाली बसून बघितलं. म्हणले, औषधाला पाय लय चांगली साथ द्यायलाय.

सत्यशीला : औषधाचंच काम ते. माझं काय त्यात? बाहेर कालवा कशाचा चाललाय?

राजेश्री : टोळी आलीय सगळी. दोघीदोघींनाच आत सोडायलेत, तर त्या भांडायल्यात, आधी कोण जायचं ते. बायनाबाईला डॉक्टरांनी तपासलं, गोळ्या दिल्या. म्हणले, ह्या तुझ्या एकटीच्या.

सत्यशीला : काट्यावर चढवलं का तिला?

राजेश्री : चढवलं की. पर काटा आता आत हाय, पडद्याआड. तो माणूस आकडा गुमान कागदावर लिहितो. बायनाबाईच बाहेर येऊन वरडली सगळ्यांना, "माझं अडतीस भरलं!"

सत्यशीला : म्हातारीला भाकरी खाऊ घाला कोणीतरी. न् तुझे मामंजी आलते का?

राजेश्री : सकाळधरनं खाली बसलेत. वर या म्हणलं तर म्हणले, बरी हाय ना, मग बास. मी म्हणलं, मामंजी, तिसरा बैल खालीच बसून राहिला का?

सत्यशीला : अगं! त्यांना म्हणलीस असं?

राजेश्री : म्हणले. ते लाजले न् चहा आणायला गेले.

सत्यशीला : तुझ्या तोंडाला कोणी कुलूप लावावं? बरं, ते कुठं हाय?

राजेश्री : काय?

सत्यशीला : सोनं. दसऱ्याचं. तुझ्यापाशी ठेव म्हणलं व्हतं ना.

राजेश्री : पाकिटात हाय. पर सुकलंय, आत्याबाई. चुरा व्हायलाय.

सत्यशीला : असू दे. काढ. दे माझ्या हातात. न् पड आता पाया.

राजेश्री : दुरून?

सत्यशीला : दुरून कामून? ये की जवळ.

राजेश्री : बरं, हा डावा द्या. उजव्याला धक्का लागायला नको.

सत्यशीला : डावा न्हाई. उजव्यालाच पड. हळू. वढ्यात तोच रवला व्हता.